आंध्र-चेट्टिनाड मील जेवायचं ते पंगतीच्या क्रमाने

रविवारी दुपारी नाशिकमधल्या एखाद्या साध्या आंध्र पद्धतीच्या हॉटेलात तासभर बसलं, की एकच प्रकार दोन-तीन टेबलांवर हमखास दिसतो. ताट येतं. माणूस लोणच्याची मोठी फोड तोंडात टाकतो, पाठोपाठ वाटीतला रस्सा भुरकतो, मग पाण्याचे दोन ग्लास घटाघटा रिकामे होतात. दही पहिल्या पाच मिनिटांत संपतं, भात निम्मा तसाच राहतो आणि "फारच जहाल बुवा" म्हणत बिल मागवलं जातं.

जेवण जहाल असतंच, पण बिघडतो तो क्रम. नाशिककर तिखटाला बिचकत नाही आणि चूक तिथूनच सुरू होते, कारण तो हे ताट मिसळीसारखं खायला घेतो. मिसळ सगळं एकत्र कालवून, तर्री ओतून घेत खायची असते. हे ताट मात्र आपल्या लग्नाच्या पंगतीसारखं आहे. आधी वरण-भात-तूप, मधे मसालेदार, शेवटी ताकभात. ज्याने लहानपणी आजीच्या हाताखाली पंगत जेवली आहे, त्याला हा क्रम अर्धा आधीच माहीत असतो.

इडली-डोसा आणि गोडसर सांबार देणारी उडुपी पद्धतीची हॉटेलं इथे विचारात घेतलेली नाहीत. पुढचं सगळं आंध्र-तेलंगण आणि चेट्टिनाड पद्धतीच्या तिखट जेवणाबद्दल आहे.

पायरी १: घरातून निघण्याआधी

सकाळी मिसळ आणि दुपारी आंध्र मील, असा बेत करू नका. गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातली मिसळ खाऊन थेट दुपारच्या जेवणाला येणारे लोक मी पाहिले आहेत. दुपारच्या चौथ्या घासाला पोट नको म्हणतं आणि दोष दुसऱ्या हॉटेलाला जातो. अगदी उपाशीपोटीही जाऊ नका. दोन-तीन तास आधी पोहे, दूध-पोळी किंवा एखादं केळं, एवढं पोटात असावं.

डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. हाताने जेवायचं आहे, आणि मिरचीचा तिखटपणा एकदा पाण्याने हात धुतल्याने बोटांवरून जात नाही. रात्री लेन्स काढताना डोळ्यांची आग होते ती यामुळेच. खिशात सुती रुमाल ठेवा. नाक वाहणार आहे, आणि हॉटेलातला पातळ कागदी रुमाल एका शिंकेत फाटतो.

शक्यतो साडेबारा ते दीडच्या दरम्यान पोहोचा. भात वाफाळता असतो, त्यावर तूप नीट वितळतं, रस्समला दुसरा उकळा आलेला नसतो आणि दही ताजं असतं. तीननंतर गेलात तर सांबार आटून दाट झालेलं असतं, म्हणजे तेच तिखट कमी पाण्यात.

सावध: जठराचा अल्सर, मूळव्याधीचा त्रास किंवा औषधं चालू असलेली ॲसिडिटी असेल, तर "एक दिवस चालतं" असं स्वतःच ठरवू नका. डॉक्टरांना विचारा, किंवा साधी इडली आणि दहीभात घेऊन सोबत्यांना जेवू द्या.

पायरी २: मेन्यूतले शब्द ओळखा

बहुतेक लोक मेन्यूत फक्त भाव वाचतात. तिखट किती हे त्याच कार्डावर लिहिलेलं असतं, फक्त तेलुगू-तमिळ शब्दांत.

"कारम" म्हणजे तिखट. कारम डोसा म्हणजे आतून लाल मिरचीची चटणी फासलेला डोसा. "पोडी" म्हणजे डाळ आणि मिरची भाजून केलेली पूड. आपल्या मेतकुटाची भावंड म्हणा, पण मेतकूट पोराबाळांनाही चालतं, पोडी चालेलच असं नाही. "पप्पू" म्हणजे पालेभाजी, टोमॅटो किंवा कैरी घालून शिजवलेली तुरीची घट्ट डाळ. "वेपुडू" म्हणजे कोरडं परतलेलं, "इगुरू" म्हणजे अंगाबरोबर आटवलेला रस्सा आणि "पुलुसू" म्हणजे चिंचेचा आंबट-तिखट रस्सा. "चारू" म्हणजे रस्सम. नावापुढे "गुंटूर" असेल तर सावरून बसा. गुंटूरची सन्नम मिरची साधारण ३५,००० ते ४०,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजण्याचं एकक) तिखट मानली जाते. आपल्याकडे रंगासाठी वापरतात ती ब्याडगी तिच्यापेक्षा पुष्कळ सौम्य.

"गोंगुरा" वाचून बिचकू नका, ती आपली अंबाडी. गोदावरीच्या या टोकाला आपण ज्वारीच्या कण्या घालून तिची भाजी करतो, त्या टोकाला तिचं लोणचं होतं आणि ती मटणातही पडते. आंबटपणामुळे गोंगुरा पहिल्या घासाला सौम्य वाटते, तिखट मागून येतं.

"चेट्टिनाड" म्हणजे तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या आसपासचा भाग. तिथल्या मसाल्यात मिरीचा हात सढळ असतो, शिवाय चक्रीफूल आणि दगडफूल. दगडफूल आपल्या काळ्या मसाल्यातही असतं, म्हणून नाशिककराला चेट्टिनाड रस्सा ओळखीचा वाटतो आणि तो बिनधास्त ओरपतो. वास ओळखीचा असला तरी तिखटाची जात वेगळी आहे. ते चौथ्या पायरीत येईल.

एक शब्द मात्र फसवा आहे: "पच्चडी". तमिळ किंवा केरळी ताटात ती बहुधा दह्यातली, आपल्या कोशिंबिरीसारखी. आंध्रच्या ताटात ती चांगली झणझणीत चटणी. चमच्याच्या टोकावर घेऊन चाखल्याशिवाय वाटीभर खाऊ नका.

तपासा: "व्हेज आहे म्हणजे कमी तिखट" असं धरून चाललात का? ताटातले सर्वांत तिखट पदार्थ बहुतेकदा शाकाहारीच असतात, लोणचं आणि पोडी. श्रावणात शाकाहारी मील घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पायरी ३: ऑर्डर देताना नेमकं काय विचारायचं

"अण्णा, जास्त तिखट आहे का?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं: "नाही, मीडियम आहे." तो खोटं बोलत नाही. त्याच्या जिभेला ते मीडियमच आहे. म्हणून प्रश्नच बदला.

विचारा: "यात हिरवी मिरची आहे, लाल आहे की मिरी?" याचं उत्तर सरळ मिळतं. पप्पू पिवळा दिसतो म्हणून आपण सौम्य समजतो, पण त्यात हिरव्या मिरच्या डाळीबरोबर शिजून विरघळलेल्या असू शकतात. त्या दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट, "तिखट कमी करा" हे सगळ्या पदार्थांना लागू होत नाही. सांबार, रस्सम, पप्पू, चिकन करी सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेली असते, त्यात तुमच्यासाठी काही कमी होणार नाही. जे तव्यावर किंवा कढईत तुमच्यासमोर होतं, त्यातच बदल होऊ शकतो: वेपुडू, डोसा, पोडी इडली, तळलेलं चिकन. डोशाला "लाल चटणी आत लावू नका, बाजूला द्या" म्हणा. पोडी इडलीला "पोडी आणि तूप वेगळं द्या" म्हणा. एवढ्याने निम्मं काम होतं.

पातेल्यातल्या रश्श्यासाठी वेगळी युक्ती आहे. मिरचीचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून रश्श्याचा जोर वर तरंगणाऱ्या तेलात जास्त असतो. मिसळीत आपण तर्री मागून घेतो, इथे उलट सांगायचं: "वरचं तेल बाजूला करून खालचा रस्सा द्या." वाढणारे हे आनंदाने करतात.

अनलिमिटेड मील घेत असाल तर दही किती वेळा मिळतं ते आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी भात, सांबार, रस्सम पुन्हापुन्हा मिळतं, पण दह्याची वाटी एकच असते. तसं असेल तर ताकाचा एक ग्लास किंवा जादा दही सुरुवातीलाच सांगून ठेवा.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी साधा डोसा, इडली किंवा दहीभात आधी मागवा. मुलं भुकेली असली की मोठ्यांच्या ताटात हात घालतात, आणि पहिला हात लाल चटणीकडेच जातो.

पायरी ४: ताट आल्यावर दोन मिनिटं थांबा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच.

केळीचं पान असेल तर त्याचं निमुळतं टोक डावीकडे हवं, आपल्या पंगतीतही तसंच असतं. पानावर थोडं पाणी शिंपडून पुसून घ्या. स्टीलचं ताट असेल तर वाट्यांची जागा बदला: दही आणि गोड हातापासून लांब, पप्पू आणि तूप जवळ. लोणचं आणि पोडी काठावरच राहू द्या.

भाताचे मनातल्या मनात चार वाटे करा: पप्पूचा, रश्श्याचा, रस्समचा आणि दह्याचा. एकदम सगळा भात कालवू नका. सोबत चपाती किंवा पुरी दिली असेल तर एकच घ्या. हे पातळ पदार्थ भातासाठी केलेले असतात, भाताच्या शितांत त्यांचं तिखट पसरतं. पोळीच्या तुकड्याने उचललं की घासात मसाला जास्त आणि पोळी कमी येते.

मग बोटाच्या टोकावर प्रत्येक पदार्थ घेऊन चाखा आणि तिखट कुठे लागतं ते पाहा. या ताटात तिखटाच्या तीन जाती असतात, तिन्हींचा उतारा वेगळा आणि आपण तिन्हींना पाणीच पितो.

पहिली मिरचीची. ती जिभेवर आणि ओठांवर लगेच लागते आणि घासागणिक चढत जाते. तिला उतारा दही, दूध, तूप. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला पकडून जिभेवरून वाहून नेतं. ताक पातळ असलं तरी त्यात केसिन असतंच, त्यामुळे तेही चालतं.

दुसरी मिरीची. ती घशाशी, थोडी उशिरा जाणवते आणि रेंगाळते. चेट्टिनाड रश्श्यात आणि रस्सममध्ये ही असते. पहिले तीन-चार घास काहीच वाटत नाही म्हणून माणूस वेग वाढवतो आणि मग एकदम घाम फुटतो. हिच्यासाठी उपाय औषधाचा नाही, वेगाचा आहे. दोन घासांमध्ये थांबा.

तिसरी मोहरीची. आवकाय, म्हणजे आंध्रचं कैरीचं लोणचं, मोहरीची पूड घालून करतात. मोहरीची झणक थेट नाकात आणि डोळ्यांत चढते, पण ती उडून जाणारी असते. नाकाने श्वास सोडा, अर्ध्या मिनिटात उतरते. त्यावर पाणी प्यायची गरजच नसते.

तपासा: चाखून झाल्यावर ताटातला सर्वांत तिखट पदार्थ कोणता हे तुम्हाला सांगता येतंय का? येत नसेल तर पुन्हा चाखा. पुढचं सगळं यावर बेतलेलं आहे.

पायरी ५: जेवणाचा क्रम

पहिला वाटा. वाफाळत्या भातावर चमचाभर तूप, त्यावर चिमूट दोन चिमूट पोडी. नीट कालवून दोन-तीन घास. मग पप्पू, पुन्हा थोडं तूप. तुपात कंजुषी करू नका. ते इथे चवीपुरतं नसतं, मिरचीचा जोर स्वतःत घेतं आणि जिभेवर थर धरतं. पुढच्या रश्श्यासाठी तोंड तयार होतं ते इथेच. पप्पूच्या घासाला लोणच्याचा लहानसा खार लावायचा, फोड नाही. आपण कैरीचं लोणचं फोड चोखत खातो, आवकायला ती सवय चालत नाही.

दुसरा वाटा. आता वेपुडू तोंडी लावायला आणि रस्सा, पुलुसू किंवा सांबार भातावर. रस्सा भातात खड्डा करून ओतू नका. बाजूने थोडा घ्या, बोटांनी कालवा, लागला तर पुन्हा घ्या. चिकन-मटण असेल तर तुकडा वेगळा खाऊन रस्सा मागून पिण्यापेक्षा तुकडा मोडून भाताबरोबर घ्या. पापड इथे मोडायचा, आधी नाही. आधी संपवलेला पापड ऐन तिखटाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

या वाट्यात तोंड भाजायला लागलं तरी दह्याकडे वळू नका. साधा भात, त्यावर थेंबभर तूप, एक घास. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

तिसरा वाटा, रस्सम. रस्सम भातावर भरपूर घ्यायचं, भात ओला आणि सैल व्हायला हवा. ज्यांना ते वाटीने प्यायला आवडतं त्यांनी ते कोमट झाल्यावर, छोट्या घोटांनी प्यावं. आपण सार भुरकतो तसं आवाज करत रस्सम भुरकलं की मिरीची पूड श्वासाबरोबर घशात जाते आणि जोराचा ठसका लागतो. माझ्या मामाला नाशिक रोडच्या एका हॉटेलात असा ठसका लागला की जेवण तिथेच थांबलं, दहा मिनिटं त्यांना बोलता येत नव्हतं. तोंडात रस्समचा घोट असताना बोलू नका, हसू नका.

चौथा वाटा, दही. भात चांगला मळून, मीठ घालून, हातानेच. आता लोणच्याची राहिलेली फोड खा. दह्याबरोबर तिची चव पूर्ण वेगळी लागते आणि जहालपणाही निम्म्यावर येतो. ताटात तळलेली वाळवणाची मिरची असेल तर तीही आताच. ती आपली सांडगी मिरची आहे, आणि सांडगी मिरचीची जागा दहीभाताशेजारीच असते, हे कोणा नाशिककराला सांगायला नको.

गोड म्हणून पायसम (खीर) किंवा केसरी (शिरा) दिली असेल तर सुरुवातीला एक चमचा चाखा, बाकीचं शेवटपर्यंत राखून ठेवा.

सावध: वाढणारा बादली घेऊन येतो तेव्हा नको असेल तर पानावर आडवा हात धरा. नुसतं "बस, बस" म्हटलं की आणखी एक पळी पडतेच, आणि पानात टाकलेलं अन्न पाहून वाढणाऱ्याला वाईट वाटतं.

पायरी ६: बिर्याणी मागवली असेल तर

हा क्रम बिर्याणीला लागू नाही. एवढंच पाहा की मसाला तळाशी असतो. वरचा पांढरा भात एकट्याने संपवलात तर शेवटी नुसता मसाला उरतो, म्हणून प्रत्येक वाढीत वरचा-खालचा भात एकत्र घ्या. सोबत येणारा सालन हिरव्या मिरचीचा असतो, तो रायता नव्हे. दोन वाट्या शेजारी असल्या की घाईत चुकीची ओतली जाते.

पायरी ७: तोंड पोळलंच तर

खाणं थांबवा. बाकी काही करण्याआधी हे.

गार दह्याचा चमचा किंवा ताकाचा घोट तोंडात घ्या आणि लगेच गिळू नका. दहा-पंधरा सेकंद जिभेवर, हिरड्यांवर फिरवा. मग गिळा, पुन्हा घ्या. दही नसेल तर दूध. तेही नसेल तर साध्या भाताचे घास किंवा साखरेची चिमूट जिभेवर ठेवा.

पाणी पिऊ नका. थंड पाण्याने क्षणभर बरं वाटतं, पण तिखट विरघळत नाही, तोंडभर पसरतं. सोडा किंवा कोल्ड्रिंक त्याहून वाईट, त्यातला वायू पोळलेल्या जिभेला आणखी टोचतो.

पाच-दहा मिनिटांत उतार पडतो. ओठ-चेहरा सुजणं, श्वास घ्यायला त्रास होणं किंवा छातीत दुखणं ही तिखटाची नेहमीची लक्षणं नाहीत. यातलं काहीही दिसलं तर ताक-दही बाजूला ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

पायरी ८: उठताना

जेवण झाल्या झाल्या फिल्टर कॉफी मागवण्याचा मोह मोठा असतो. दहा मिनिटं थांबा. मिरची जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवते, तेच साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही प्रतिसाद देतात. म्हणून नेहमीची कॉफीसुद्धा तिखटानंतर उकळती लागते. तेवढ्या वेळात राहिलेलं पायसम संपवा.

पानावर जेवला असाल तर वरचा भाग आपल्या बाजूला आणून पान मिटा, जेवण आवडलं असा त्याचा अर्थ घेतात.

हात धुण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळाच. आधी बोटांना तुपाचा किंवा तेलाचा थेंब चोळा, ताटात राहिलेलं तूपही चालतं. मग साबण लावून नखांच्या कडांपर्यंत धुवा, आणि हे दोनदा करा. स्वच्छतागृहात जायचं असेल तर त्याआधी हात धुवा, नंतर तर धुवायचेच. लहान मुलाला उचलण्याआधी, डोळे चोळण्याआधी, हेल्मेटची काच पुसण्याआधीही.

घरी जाऊन लगेच आडवे होऊ नका, दोन-तीन तास तरी बसून किंवा फिरून काढा. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवर सिडको किंवा पाथर्डी फाट्यापर्यंत जायचं असेल तर थोडं थांबून निघा आणि आता पाणी भरपूर प्या, जेवताना नको म्हटलेलं पाणी आता चालतं. रात्री मिरची, लोणचं, लिंबू काही नको. मऊ भात, तूप आणि मीठ.